घटक ७ : सुईदोऱ्याची शब्दसंपदा आणि मैत्रिणींची बैठक

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• गोधडी, भरतकाम व क्रोशे यांतील शब्दसंपदेचे स्वरूप सांगता येईल.
• हे शब्द आणि एकत्र बसून काम करण्याची रीत यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• व्यवसायातील शब्द साहित्यात कसे अर्थविस्तार पावतात, हे उदाहरणांनी दाखवता येईल.
• आपल्या परिसरातील अशा शब्दांची शिस्तशीर नोंद करता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण जात्यावरच्या ओवीचा विचार केला. जात्याच्या फेऱ्याला सलग लय असते, म्हणून दळणारी स्त्री गाऊ शकते. सुईच्या कामाचे तसे नाही. येथे टाके मोजावे लागतात, मध्येच थांबावे लागते, चुकले की शेजारणीला विचारावे लागते. म्हणून या श्रमाचे सख्य गाण्यापेक्षा बोलण्याशी अधिक आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे महत्त्व वेळीच ओळखले गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. घरोघरची जाती थांबली तरी त्यांवरचे शब्द आज आपल्यापाशी आहेत. सुईभोवतीच्या बोलण्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. या बोलण्यात कोणते भाषाधन आहे आणि ते जपण्यासाठी आपण काय करू शकतो, हा या घटकाचा विषय आहे. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आपण आधाराला घेऊ.

७.३ तेर : कापड गेले, शब्द राहिला

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक लेखकाने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या मार्गदर्शिकेत दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत : पैठण आणि तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर होते. तेथून साधे कापड मोठ्या प्रमाणावर आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच तेर, हे मत फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडले आणि पुढे ते मान्य झाले.

आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू पाहावयास मिळतात. ज्या कापडासाठी हे नगर दूरदेशी ओळखले जात होते, ते कापड मात्र काळाने खाल्ले. आपल्या हवेत सुती वस्त्र दोन हजार वर्षे टिकत नाही. तगरच्या कापडाची साक्ष आज मुख्यतः एका परक्या भाषेतील काही ओळी देतात. ते विणणाऱ्या हातांनी आपल्या कामाला कोणते शब्द योजले होते, हे त्या ओळींत नाही.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण आजच्या गोधडीकडे वळू.

७.४ हिवाळ्यातील बैठक

गोधडी शिवण्याचे काम उन्हाळ्यात अधिक चालते, हे खरे. तरीही मराठवाड्यात हिवाळ्यालाही त्याचे स्थान आहे. सोयाबीनची रास झालेली असते, रब्बीची ज्वारी अजून शेतात उभी असते, आणि येळवशीच्या सुमारास थंडी चांगलीच जाणवू लागते. घरातील जुनी पांघरुणे बाहेर निघतात, त्यांची उसवण दिसते. दुपारच्या उन्हात अंगणात मैत्रिणी जमतात. कोणाच्या मांडीवर गोधडीचा कोपरा, कोणाच्या हातात क्रोशाची सुई, तर कोणाच्या सुयांवर बाळंतविड्यासाठी विणलेले अर्धे टोपडे.

गोधडीसाठी जुने सुती लुगडे वा धोतर खाली अंथरतात, त्यावर चिंध्यांचे थर रचतात, वरून दुसरे कापड घालून कडा टाचून घेतात. मग कडेपासून आतल्या दिशेने धावदोरा चालतो. काम मोठे असेल तर दोघी-तिघी निरनिराळ्या बाजूंनी बसतात. येथे प्रत्येकीचा टाका वेगळा असतो, पण गोधडी एकच असते. त्यामुळे एकमेकींचे काम पाहणे, पारखणे आणि सुधारणे ओघानेच येते. “अगं, टाका लांब पडलाय बघ. उसव अन् पुन्हा घाल,” असे एक मैत्रीण दुसरीला म्हणते, तेव्हा त्या बोलण्यात दोष दाखवणे आणि शिकवणे दोन्ही असते. ऐकणारी रागावत नाही. कारण थोड्या वेळाने तीच दुसरीची चूक दाखवणार असते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. क्रोशाचे रुमाल, बटवे, तोरणे वाण म्हणून वा भेट म्हणून एकमेकींना दिली जातात. येथे एक भेद लक्षात घ्यावा. हळदीकुंकवाच्या रूढ समारंभात विधवा स्त्रीला स्थान नाकारले गेले. गोधडीभोवती बसायला मात्र सवाष्ण असण्याची अट नाही; तेथे हात लागतो, आणि ज्या हाताला टाका येतो त्याला मान मिळतो. म्हणून ही बैठक अनेकींसाठी काम शिकण्याची आणि मन मोकळे करण्याचीही जागा ठरली.

७.५ शब्दसंपदेचे स्वरूप

या बैठकीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

(अ) साधनांचे शब्द : सुई, दाभण, अंगुस्तान, कात्री, अस्तर, रीळ. यांतील अंगुस्तान व अस्तर हे शब्द फारसीतून आले. ‘अंगुश्त’ म्हणजे बोट; बोटाचे रक्षण करते ते अंगुस्तान.

(आ) क्रियांचे शब्द : ओवणे, टाचणे, टीप घालणे, तुरपणे, रफू करणे, उसवणे, ठिगळ लावणे, टाके उचलणे, टाके बंद करणे.

(इ) नमुन्यांचे शब्द : साखळी टाका, काजटाका, उलटा-सुलटा टाका, तसेच क्रोशातील साखळी, खांब व मुका खांब. ‘क्रोशे’ हा शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. मराठी स्त्रियांनी तो शब्द स्वीकारला, पण त्यातील टाक्यांना घराच्या बांधणीतील शब्द दिले. उभ्या टाक्याला ‘खांब’ आणि त्याहून आखूड टाक्याला ‘मुका खांब’ म्हणणे ही मराठी मनाची निर्मिती आहे. परकी कला आपलीशी कशी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

७.६ व्यवहारातून साहित्याकडे

भाषेतील कितीतरी कल्पना धाग्याशी निगडित आहेत. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. पुढे त्याचा अर्थ नेमके, आटोपशीर वचन असा झाला. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी गुंफणे, बांधणे हा अर्थ आहे. ‘ओवी’चा संबंध अभ्यासक ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडतात. कथेची वीण घट्ट असते, नाते उसवते, आणि फाटलेल्या आभाळाला ठिगळ लावता येत नाही.

तेर ही संत गोरा कुंभार यांची भूमी. परंपरेने सांगितलेल्या कथेनुसार संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके पक्के की कच्चे, हे पाहिले. नामदेव तेव्हा कच्चे ठरले. परीक्षा घेणारा कुंभार आणि परीक्षा देणारा शिंपी : दोघेही हाताने काम करणारे. कुंभाराने आपल्या व्यवसायाची भाषा अध्यात्मासाठी वापरली. नामदेवांच्या गुरुग्रंथसाहिबातील एका पदातही गज, कात्री, सुई व धागा ही शिंप्याची साधने रूपक होऊन येतात. सवंगड्यांच्या मेळ्यात व्यवसायाचा शब्द उच्चारला गेला, ऐकला गेला, म्हणूनच तो वाङ्मयात आला. अंगणातील मैत्रिणींचा मेळाही शब्द असेच घडवतो. त्याला लिहून घेणारे मात्र क्वचितच लाभले.

आज सुती लुगडी कमी झाली आहेत, तयार चादरी व स्वेटर सहज मिळतात. वस्तू विकत घेता येते, पण टाक्याचे नाव तिच्याबरोबर येत नाही. बैठक मोडली की ‘मुका खांब’ म्हणणारी आणि तो ऐकून समजणारी, दोघी एकाच वेळी नाहीशा होतात.

७.७ नोंद कशी करावी?

१. शब्द बोलला जातो तसाच, बोलीतील उच्चारासह लिहावा; प्रमाण रूप शेजारी द्यावे.
२. केवळ शब्द न विचारता काम चालू असताना ऐकावे. ‘याला काय म्हणतात?’ याहून ‘हे कसे करता?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.
३. प्रत्येक शब्दासोबत एक पूर्ण वाक्य टिपावे.
४. शब्द कोणाकडून शिकला, हे विचारावे : आई, सासू, नणंद की मैत्रीण?
५. सांगणारीची परवानगी घ्यावी व लिहिलेले तिला वाचून दाखवावे.

आपल्यापैकी अनेकींना ही कामे येत असतील. अशा वेळी आपण स्वतःच माहितीचा आधार आहात, हे विसरू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) तगरहून कोणत्या बंदराकडे कापड जात असे?
(आ) ‘क्रोशे’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(इ) नामदेव परंपरेने कोणत्या व्यवसायाचे होते?

७.८ सारांश

सुईकामाची शब्दसंपदा एकत्र बसण्याच्या रीतीत जन्मते आणि तीतूनच पुढे जाते. या शब्दांत परभाषेतील शब्द पचवण्याची, नवे शब्द घडवण्याची आणि रूपके पुरवण्याची शक्ती आहे. तेरचे प्राचीन कापड उरले नाही, विणणाऱ्यांचे शब्दही उरले नाहीत. आजच्या गोधडीबाबत तसे होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

७.९ शब्दार्थ

दाभण : जाड, लांब सुई. थापटणे : मडके ठोकून घडवण्याचे लाकडी साधन. बाळंतविडा : बाळ-बाळंतिणीला द्यावयाचे कपडे व वस्तू. येळवस : वेळ अमावस्या.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) भडोच (आ) लहान आकडा (इ) शिंपी

७.१० सरावासाठी स्वाध्याय

१. ‘गोधडी ही अनेक हातांची एक रचना आहे’ या विधानाची चर्चा करा.
२. धागा, वीण व टाका यांवर आधारलेले दहा वाक्प्रचार वा शब्दप्रयोग जमवून त्यांचे अर्थविस्तार स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य : या हिवाळ्यात आपल्या गल्लीतील वा वाडीतील शिवणकाम-विणकाम करणाऱ्या दोन मैत्रिणींसोबत एक दुपार बसा. किमान वीस शब्द वाक्यांसह नोंदवा. त्यांतील आपण प्रथमच ऐकलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. पुढील संपर्कसत्राची चर्चा आपण त्या शब्दांपासून सुरू करू.