गाडी गार असताना बघ

अगं बयो, रात्री पावणेबाराला फोटो पाठवायची ही कुठली वेळ? बदामी रंगाची पद्मिनी, मागे नारळाची झाडं, बॉनेटवर कोवळं ऊन आणि खाली तुझे दोनच शब्द: "ताई, हीच!" किंमत वाचून आधी आनंद झाला, मग गाव वाचलं. कोइमतूर. म्हटलं, आता झोप गेली.

तुला नको म्हणणार नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझी स्वतःची खाली उभी आहे, कापडाच्या कव्हरात, आणि अख्ख्या तुळिंज रोडवर मला "फियाटवाली काकू" म्हणतात. बाबांनी जन्मभर काळी-पिवळी चालवली, पण ती मालकाची. संध्याकाळी हिशेब देऊन चावी परत. ती गाडी कुर्ल्यालाच बनायची, प्रीमियरच्या कारखान्यात. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. बाबा अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणायचे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, त्या रात्री आपण दोघी फोनवर काही न बोलता किती वेळ नुसत्या बसलो होतो, आठवतं ना? तेव्हा तुझं वेड मला कळतं. म्हणूनच सांगते, या वेडाचा वास समोरच्याला फोनवरूनसुद्धा येतो.

आता एक गोष्ट सांगते, ती आईला माहीत नाही. माझी ही कोल्हापूरची गाडी घ्यायच्या आधी मी नागपूरच्या एका गाडीत पैसे घालवले होते. फोटो असेच सुंदर. माणूस म्हणाला, मी फौजेत आहे, बदली झालीय, गाडी घाईत काढायचीय. वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं. मी पाच हजार टोकन दिलं. मग गाडी ट्रकवर चढवायचे बारा हजार. मग म्हणाला, ताई, हा कोड स्कॅन करा, जादा गेलेले पैसे परत येतील. तिथे तुझे भावजी शेजारी बसले होते म्हणून वाचले. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही गं, पिनही टाकावा लागत नाही, ते फक्त द्यायला! सतरा हजार गेले. १९३० या नंबरवर तक्रार करायची असते आणि तीही लगेच, पैसे पुढे सरकायच्या आत. मी लाजेने तीन दिवस घालवले. नंतर कळलं, ही फौजीची गोष्ट देशभर त्याच चालीवर सांगितली जाते, फक्त गाडी बदलते.

तुझा कोइमतूरचा माणूस तसा असेल असं नाही. पण त्याने पैसे मागायच्या आधी तू त्याच्याकडे काहीतरी माग. आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो. आणि चासी नंबरचा ट्रेस. म्हणजे काय, तर पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची. लहानपणी आपण नाण्यांवर करायचो तसं. अंक पांढरे उमटतात. आरटीओलाही हेच लागतं. ज्याच्या दारात खरंच गाडी आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम, आणि नसेल त्याला घाम फुटतो. अंकांच्या ओळीत एखादा अंक खालीवर झालेला दिसला किंवा आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा वाटला, तर किंमत कितीही कमी असू दे, तिथेच राम राम कर.

आरसी नीट वाच. मालक कोण, इंधन काय लिहिलंय, कर्जाची नोंद आहे का, मुदत कधी संपते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे. मुदत संपून चार वर्षं झालेली गाडी "एकदम क्लिअर आहे मॅडम" म्हणून गळ्यात मारतात. नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून बघ. जुन्या गाड्यांच्या नोंदी कधीकधी तिथे सापडतच नाहीत, कारण पुस्तकातून कॉम्प्युटरवर चढलेल्याच नसतात. त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि ती त्याच्याच आरटीओत, त्यानेच करून द्यायला हवी. हे काम आपल्या अंगावर घेऊ नकोस. आपण इथून कोइमतूरला किती खेटे घालणार?

माझ्या गाडीचा मालक तर या जगातच नव्हता. विकायला काढली पुतण्याने, आरसीवर नाव काकांचं, आणि काकांना जाऊन सहा वर्षं झालेली. पुतण्या म्हणे, जुन्या सह्या आहेत की, चालवून घेऊ. मी म्हटलं, मेलेल्या माणसाची सही मी चालवणार नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर झाली, मुलींनी हरकत नसल्याचं लिहून दिलं, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून माझ्या नावावर. सात महिने गेले. सगळे हसले मला. पण त्या सात महिन्यांत काकूंची आणि माझी ओळख झाली, आणि त्यांनी कपाटातून एक वही काढून दिली. काकांनी निळ्या शाईत प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर, पेट्रोलचा भाव असं सगळं लिहून ठेवलं होतं. "डाव्या मागच्या चाकात आवाज. ऐकू येतो, दिसत नाही," असंही एका पानावर होतं. तो आवाज अजून आहे. मेकॅनिकला अजून सापडलेला नाही.

तुझी गाडी परराज्यातली, म्हणजे त्यात आणखी एक पायरी. तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, फॉर्म २८. ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, मग तो कितीही गोड बोलू दे. इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर भरायचा आणि एमएच ४८ चा नवा नंबर घ्यायचा. तो जुना तमिळनाडूचा नंबर फोटोत तुला आवडलाय, मला माहीत आहे, पण जाईल तो. कोल्हापूरच्या गाडीचा नंबर माझ्याकडे राहिला, कारण राज्य एकच. बाहेरची गाडी घ्यायची तर हे आधीच मनाशी धरायचं.

आणि तो "व्हिंटेज आहे" म्हणाला ना? हसू आलं मला. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. तुझी तर १९८८ ची. आणि समजा झाली असती, तरी त्या नोंदणीवर रोज भाजी आणायला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच ती बाहेर काढायची. तेव्हा त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. जुनी गाडी ती जुनी गाडी.

नागपूरनंतर मी सांगलीकडे एक गाडी बघायला गेले होते. रात्रीचा प्रवास, सोबत आपला मेकॅनिक, त्याची एक दिवसाची मजुरी आणि जेवणखाण माझं. गाडी लखलखत होती. मी फ्रीजवरचं लोहचुंबक पर्समध्ये घालून नेलं होतं, ते गणपतीचं, एका कोपऱ्याचा रंग उडालेलं. त्याला पातळ रुमाल गुंडाळला आणि दरवाजावरून फिरवत गेले. वरच्या भागात चिकटलं. खाली, जिथे पाणी साचतं तिथे, हातातून सुटून जमिनीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. आत पत्रा उरलाच नव्हता, नुसती लांबी भरून वरून रंग मारला होता. मेकॅनिकने पायाखालचं रबराचं मॅटिंग उचललं आणि काही न बोलता मला बोटाने दाखवलं. खालची माती दिसत होती! मालक म्हणे, एवढं चालतंच हो जुन्या गाडीला. आम्ही चहा घेतला, नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने परतलो. तिकिटं, मजुरी, सगळं मिळून चार-पाच हजार गेले. आजही मला वाटतं, गाडी घेण्याच्या माझ्या पूर्ण हिशेबात हाच सगळ्यात स्वस्त खर्च होता. नागपूरला मी हा खर्च वाचवायला गेले आणि सतरा हजार घालवले.

म्हणून, फोटोवर ठरवू नकोस आणि व्हिडिओवरही नको. व्हिडिओत वास येत नाही. बंद काचांच्या आत कुबट ओल आहे की पेट्रोल गळतंय, हे नाकालाच कळतं. आणि इंजिन गार असताना बघ. हे सगळ्यात महत्त्वाचं. विकणारा माणूस पाहुणे यायच्या आधी गाडी चालू करून तापवून ठेवतो, कारण तापलेलं इंजिन बरेच दोष पोटात घालतं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव, जसा मुलाच्या कपाळावर ठेवतेस तसा. गरम लागलं तर म्हण, आम्ही संध्याकाळी येतो. मग चोक ओढून तुझ्यासमोर चालू करायला लाव आणि तू मागे उभी राहा. निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे हाफ इंजिनचं काम तरी नक्की. पांढरा थोडा वेळ येऊन थांबला तर घाबरू नकोस.

गिअर तर तुला ठाऊकच आहे, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा. बाबांच्या मांडीवर बसून तूच तो ओढायचीस. बुश झिजले की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडकतो. चारही गिअर स्वतः टाकून बघ, चढावर बघ. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आजच्या गाडीसारखे चटकन लागणार नाहीत, पण दोनदा पंप मारल्याशिवाय लागतच नसतील तर दुखणं आहे. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून फसू नकोस. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर न झिजताच म्हातारा होतो.

स्पेअरचं फार मनावर घेऊ नकोस. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसकडे अजून बरंच मिळतं, आणि नाही मिळालं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेता येतं. फक्त पेट्रोलच्या रबरी नळ्या आल्या आल्या बदल. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते जुनं रबर टिकत नाही.

चालवत आणायचा विचार तर डोक्यातून काढून टाक. बाराशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, बाई. मी कोल्हापूरहून चालवत आणली तर खंडाळ्याच्या घाटात पेट्रोल पंपात वाफ धरली. रस्त्याच्या कडेला ओढणी पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळून बसले, तुझे भावजी वाहनांना हात करत उभे. घोडबंदर ओलांडून, खाडीचा पूल पार करून, संतोष भुवनच्या गर्दीतून रात्री अकराला घरी पोचलो. ओढणीला अजून पेट्रोलचा वास आहे. तू ट्रकवर आण, आणि ट्रकचे पैसे ट्रकवाल्याला दे, विकणाऱ्याच्या हातात नको. चढवताना आणि उतरवताना चारही बाजूंचे फोटो काढ.

ठेवणार कुठे, हे मात्र तू काहीच बोलली नाहीस. आपलं तुळिंज आहे हे. जुलैत पाणी कुठपर्यंत येतं ते तू आचोळे रोडला राहून मला सांगायला नको. माझ्या गाडीला पहिल्या पावसाळ्यात दारापर्यंत पाणी आलं, तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की मी रात्री-अपरात्री उठून तिला पुलाच्या चढावर नेऊन लावते. तिथे शेजारच्या बिल्डिंगमधले चार-पाच जण आधीच आलेले असतात, छत्र्या घेऊन. खारी हवा वेगळीच. तुझ्या सोसायटीत छपराखालची जागा महिन्याला कितीला मिळते ते सेक्रेटरीला आजच विचार, आणि जावईबापूंना किंमत सांगशील तेव्हा तो आकडाही सांग. मागाहून कळला तर गाडीपेक्षा तोच जास्त टोचेल.

बाकी मला काही म्हणायचं नाही. फोटोतला रंग खरंच सुंदर आहे, मी पण दोनदा उघडून बघितला. कोइमतूरची गाडी कुर्ला टर्मिनसवरूनच सुटते, दीड दिवसाचा प्रवास. मेकॅनिकला मी विचारते, तो लग्नसराईनंतर मोकळा आहे. मीही येते. चुंबक माझ्याकडेच आहे. तू फक्त त्या माणसाला आज फोन कर, पैशाचं अवाक्षर काढू नकोस, आणि सांग की आम्ही अमक्या दिवशी सकाळी येतोय, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.