अकरावीतच ठरवावयाची गोष्ट

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे शिरपूर जैनचे नाव देशभरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. तेथील मूर्ती अधांतरी आहे ही श्रद्धेची गोष्ट झाली. परंतु ‘नीट’चा निकाल लागल्यावर याच गावाच्या, वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातील कितीतरी विद्यार्थी जे काही दिवस अधांतरी राहतात, त्यात श्रद्धेचा भाग नसून केवळ पूर्वविचाराचा अभाव असतो. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली की घरातील वडीलधारी मंडळी ‘मग फार्मसी तरी घे’ असे सुचवितात, आणि ज्या विद्येचा विचार दोन वर्षांत एकदाही मनाला शिवला नव्हता तिच्यासाठी घाईघाईने धावपळ सुरू होते. त्या वेळेपर्यंत राज्याच्या सीईटीचा अर्ज भरण्याची मुदत केव्हाच टळून गेलेली असते, आणि बी. फार्म.च्या राज्यातील जागा तर मुख्यत्वे त्याच परीक्षेवर भरल्या जातात. म्हणून औषधनिर्माणशास्त्राचा निर्णय अकरावीच्या आरंभीच, निदान वैद्यकीयच्या बरोबरीचा पर्याय म्हणून, व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

या विद्येचे मार्ग एकाहून अधिक आहेत. डी. फार्म. ही दोन वर्षांची पदविका. तिला प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो आणि अभ्यासक्रमानंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन, नोंदणीच्या इतर अटी पुऱ्या केल्यावर, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करता येते. बी. फार्म. ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी; आणि 2008 पासून सुरू झालेला फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम, ज्याचे अखेरचे वर्ष रुग्णालयातील उमेदवारीत जाते. पदविका उत्तम गुणांनी पुरी केलेल्यास बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय असल्यामुळे, ज्या घरी लवकर मिळकत सुरू होण्याची निकड आहे, तेथे पदविका प्रथम घेण्यात काही कमीपणा नाही.

मात्र पदविकेमागे एक हिशेब पुष्कळदा दबक्या आवाजात मांडला जातो, त्याविषयी लिहिणे भाग आहे. बाजारपेठेतील एखाद्या मेडिकलच्या भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत टांगलेले असते, आणि त्यावरील छायाचित्रातील गृहस्थ मात्र गल्ल्यावर कधी दृष्टीस पडत नाहीत. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला लावून दरमहा घरबसल्या पैसे मिळतील, या भरवशावर मुलास फार्मसीला घालणाऱ्या पालकांनी 1948 च्या फार्मसी कायद्याचे 42 वे कलम वाचून घ्यावे. नोंदणीकृत व्यक्तीवाचून औषध देणे हा त्याअन्वये गुन्हा आहे. शेड्यूल एच-वनमधील प्रतिजैविक औषध दिले की डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे परिमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जतन करावी लागते. ही जबाबदारी भिंतीवरील कागद पार पाडू शकत नाही.

आता तयारीविषयी. सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी 50 गुण, आणि जीवशास्त्राचे किंवा गणिताचे 100 गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात, म्हणून ते वर्ष ‘बोर्डाचे नाही’ म्हणून उधळून टाकणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागते. गणित घेतलेल्यांनीही बिचकण्याचे कारण नाही: पहिल्या सत्रात त्यांना पूरक जीवशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांना पूरक गणित शिकविले जाते.

परंतु गुणांपेक्षाही प्रयोगशाळेतील हात अधिक काळ उपयोगी पडतो. बारावीच्या अनुमापनात पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा द्राव ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडताना रंग प्रत्येक वेळी विरून जातो, आणि अखेरीस एकाच थेंबाने जी फिकट गुलाबी छटा टिकून राहते तोच अंतिम बिंदू होय. हा द्राव इतका गडद असतो की पातळीची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचावयाची, ही बारीक गोष्टही हाताने केल्याखेरीज ध्यानात राहत नाही. जो विद्यार्थी तोटी मोकळी सोडून द्राव गर्द करून टाकतो आणि शेजाऱ्याचे वाचन वहीत उतरवितो, त्याला बोर्डाच्या परीक्षेत गुण मिळतीलही. पण पुढे गोळीतील औषधाचे प्रमाण तपासण्याची वेळ आली म्हणजे शेजारी कोणी नसतो. क्लासच्या पायी प्रात्यक्षिकांना दांडी मारू देणाऱ्या पालकांशी आमचे भांडण आहे ते याचसाठी.

कागदपत्रांची तजवीजही बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यातच करावी. अधिवास व उत्पन्नाचे दाखले मालेगावच्या तहसील कचेरीतून, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून, आणि जातवैधतेचे प्रकरण वाशीमच्या समितीपुढे. वाशीम हा 1998 साली स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून अकोल्याची पायपीट तरी वाचली आहे. पण दप्तरातील प्रकरण आपल्या घाईने चालत नसते.

महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना एक गंमत ध्यानात असू द्यावी: यादीत शिरपूर दिसते ते बहुधा धुळे जिल्ह्यातले, जेथील आर. सी. पटेल महाविद्यालय प्रसिद्ध आहे, आपले नव्हे. आपल्या विभागात अमरावतीचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे, आणि पसंतीक्रमात त्याला वरचे स्थान द्यावे. नव्या महाविद्यालयांवरील भारतीय फार्मसी कौन्सिलची बंदी 2022 साली न्यायालयात टिकली नाही, तेव्हापासून गावोगाव फलक लागले आहेत. त्यातील प्रत्येक वाईट आहे असे नाही, तरी प्रवेशाच्या वर्षीची कौन्सिलची मान्यता डोळ्यांनी पाहावी, आणि कामाच्या दिवशी, न कळविता, प्रयोगशाळेत जाऊन गोळ्या दाबण्याचे यंत्र चालू स्थितीत आहे का, याची खातरजमा करावी.

खर्चाचा विचार सोयाबीनच्या पट्टीवर संसार चालविणाऱ्या घरात अखेरीस येतोच. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी मुलींचे शिक्षणशुल्क 2024-25 पासून शासन पूर्णपणे सोसते. खुल्या गटातील पात्र मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्म्या शुल्काची सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला यांपैकी कोणताही लाभ मिळत नाही. म्हणून केंद्रीय फेरीत मिळालेली दूरची जागा सोडून घराजवळची कोट्यातली जागा पत्करण्यापूर्वी, चारही वर्षांच्या शुल्काचा आणि वसतिगृहाचा हिशेब कागदावर मांडून तो मुलालाही दाखवावा.