माहितीपटांची हिशेबतपासणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिमबिबट्या, चंद्र आणि महासागर यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मित्र तर हसतीलच. परंतु या लेखाचे मूळ आमच्याच अभ्यासक्रमात आहे. हिशेबतपासणी या विषयात अगदी आरंभी एक गोष्ट शिकवतात. वहीत नोंद आहे एवढ्यावरून व्यवहार झाला असे धरू नये. नोंदीमागची पावती मागावी. अक्षर कितीही वळणदार असो, बेरीज कितीही बरोबर असो, पावती नसेल तर तपासनीस पुढच्या पानावर जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एक पूर्ण दिवस मी टी.व्ही.वर माहितीपट पाहण्यात घालवला. पूर्वी यांनाच अनुबोधपट म्हणत. सकाळी निसर्गाचा, दुपारी विज्ञानाचा आणि रात्री साहसाचा, असे तीन पाहिले. हातात वही होती. प्रत्येक दृश्यामागची पावती कोणती, हा एकच प्रश्न मी त्या दिवशी विचारत गेलो. त्यातून जे समजले, ते पुढे मांडतो.

निसर्ग : अठरा सेकंदांचा हिशेब

सकाळी पाहिला तो बी.बी.सी.च्या 'प्लॅनेट अर्थ' या २००६ सालच्या मालिकेतील पर्वतांवरचा भाग. पाकिस्तानातील डोंगरांत एक हिमबिबट्या मारखोर जातीच्या रानबोकडामागे उभ्या कड्यावरून धावतो. शेजारी बसलेल्या आजीने विचारले, "असल्या कड्यावर जनावर पळतंय, मग चित्र काढणारा कुठं उभा राहिलाय की रे?"

पुस्तकात वाचलेल्या व्याख्येपेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटला. छायाचित्रकार दूर असतो. लांब पल्ल्याचे भिंग जनावराला आपल्या डोळ्यांपाशी आणते. मात्र भिंग दृश्य जवळ आणते, आवाज आणत नाही. एवढ्या अंतरावरून पावलांचा आवाज टिपता येत नाही. म्हणून बर्फात पाय रुतल्याचा, गवत सळसळल्याचा आवाज पुष्कळदा मागाहून ध्वनिशाळेत तयार करून जोडतात. मक्याच्या पिठाने भरलेली पिशवी दाबली की बर्फावर चालल्यासारखा आवाज येतो. ही युक्ती चित्रपटसृष्टीत जुनीच आहे.

आता वेळेचा हिशेब पाहू. या मालिकेचे ११ भाग आहेत आणि ती तयार व्हायला सुमारे ५ वर्षे लागली. एक भाग साधारण ५० मिनिटांचा धरला तर एकूण ५५० मिनिटे, म्हणजे ३३,००० सेकंद होतात. पाच वर्षांचे दिवस १,८२६. भागाकार केला तर दिवसाला जेमतेम १८ सेकंद पदरात पडतात. उरलेला दिवस थंडीत वाट पाहण्यात, प्रवासात, बिघडलेली यंत्रे नीट करण्यात आणि काहीही न दिसण्यात गेला. खर्चाची ही बाजू पडद्यावर क्वचितच येते. त्यामुळे रानात पावलोपावली शिकार चालू असते, असे घरबसल्या पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात रानात बहुतेक वेळ शांतता असते. माहितीपट खोटे सांगत नाही, पण वर्षभराच्या रोजकीर्दीतील फक्त मोठ्या रकमा वाचून दाखवतो, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

२०११ साली याच संस्थेच्या 'फ्रोझन प्लॅनेट' या मालिकेत ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्ले दाखवली होती. ते दृश्य नेदरलँड्समधील एका प्राणिसंग्रहालयात, मुद्दाम तयार केलेल्या गुहेत घेतलेले होते. त्यावरून इंग्लंडमध्ये वृत्तपत्रांतून वाद झाला. माझे मत असे की, रानातील अस्वलाच्या गुहेत दिवा आणि यंत्र घेऊन शिरणे आई आणि पिल्ले दोघांनाही घातक ठरले असते. तेव्हा प्राणिसंग्रहालयात चित्रण करणे हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच की ते कोठे सांगितले. संस्थेने आपल्या संकेतस्थळावर खुलासा ठेवला होता, परंतु पडद्यावर त्या क्षणी पाहणाऱ्याला तो दिसला नाही. पावती होती, पण ती वहीला जोडलेली नव्हती.

खोटी नोंद कशी टिकते

पावती न जोडणे वेगळे आणि खोटी नोंद करणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण फार प्रसिद्ध आहे. १९५८ साली डिस्ने कंपनीने 'व्हाइट वाइल्डरनेस' नावाचा माहितीपट काढला. लेमिंग नावाचे उंदरासारखे लहान प्राणी झुंडीने समुद्रात उड्या घेऊन मरतात, असे त्यात दाखवले होते. या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

१९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने या चित्रणाचा शोध घेतला. ते दृश्य अल्बर्टा प्रांतात घेतले होते, आणि अल्बर्टाला समुद्रकिनाराच नाही! लेमिंग दुसरीकडून आणलेले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या चाकावर त्यांना पळवून मोठ्या झुंडीचा भास निर्माण केला होता, आणि शेवटी त्यांना नदीत ढकलले होते. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. त्यांची संख्या काही वर्षांनी अतोनात वाढते, तेव्हा ते नव्या जागेच्या शोधात निघतात आणि वाटेत काही पाण्यात बुडतात, एवढेच खरे.

चित्रपट आणि शोध यांच्यामध्ये २४ वर्षे गेली. तेवढ्या काळात "लेमिंगसारखे मरणे" हा इंग्रजीतील वाक्प्रचार घट्ट रुजला होता आणि तो अजूनही जात नाही. वहीतील खोटी रक्कम दुसऱ्या वर्षी दुरुस्त करता येते. लोकांच्या मनातील खोटी नोंद खोडायला मात्र पिढ्या लागतात. चलत्चित्राचे बळ एवढे मोठे आहे, म्हणूनच त्याची तपासणीही कडक हवी.

विज्ञान : छायाचित्र आणि रेखाटन

दुपारी 'अपोलो ११' पाहिला. टॉड डग्लस मिलर यांचा हा चित्रपट २०१९ साली, मानव चंद्रावर उतरल्याला ५० वर्षे झाली त्या वर्षी आला. त्यात निवेदक नाही, नव्या मुलाखतीही नाहीत. १९६९ सालची चित्रफीत आणि त्याच वेळी झालेली संभाषणे, एवढ्याच सामग्रीवर ९३ मिनिटांचा चित्रपट उभा केला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिलेली मोठ्या आकाराची चित्रफीत त्यासाठी बाहेर काढली. सुमारे ११,००० तासांचे ध्वनिमुद्रण हाताशी होते. न झोपता ऐकायचे म्हटले तर ४५८ दिवस लागतील! यानांच्या हालचाली समजाव्यात म्हणून मध्ये साध्या रेषांच्या आकृत्या येतात. त्या आकृतीच आहेत, हे लहान मुलालाही कळते. तपासनिसाला समाधान वाटावे असे हे काम आहे.

सर्वच विज्ञानपटांना ही सोय नसते, कारण विज्ञानातील पुष्कळ गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले चित्र जाहीर झाले. नारिंगी रंगाचे ते कडे आता सर्वांच्या ओळखीचे आहे. पण ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या कृष्णविवराचे चित्र रेडिओलहरींपासून तयार केलेले आहे, आणि रेडिओलहरींना रंग नसतो. नारिंगी रंग शास्त्रज्ञांनी निवडला. आकार मोजलेला, रंग दिलेला, अशी ही नोंद आहे.

डायनोसॉरचेही तसेच. १९९९ सालच्या 'वॉकिंग विथ डायनोसॉर्स' या मालिकेत ते जिवंत असल्यासारखे हिंडतात. हाडे ही पावती, चाल हे अनुमान, आणि कातडीचा रंग ही त्या वेळी निव्वळ कल्पना. पुढे २०१० साली चीनमधील एका लहान डायनोसॉरच्या जीवाश्मात रंगद्रव्याचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते असे दिसून आले. म्हणजे ज्या रकान्यात कल्पना होती, तेथेही काही ठिकाणी पुरावा येऊ लागला आहे. अनुमान करणे हा दोष नाही. अनुमानाच्या रकान्यातील रक्कम पुराव्याच्या रकान्यात लिहू नये, इतकेच.

साहस : "शक्य आहे" आणि "घडले आहे"

रात्री 'कॉन-टिकी' पाहिला. २८ एप्रिल १९४७ रोजी नॉर्वेचा थोर हायरडाल आणि त्याचे पाच सोबती बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरू देशाच्या किनाऱ्यावरून निघाले. १०१ दिवसांनी, ७ ऑगस्टला, ते पॉलिनेशियातील रारोइया बेटाच्या प्रवाळ खडकावर आदळले. वाटेत त्यांनी स्वतः घेतलेल्या चित्रणातून हा माहितीपट १९५० साली तयार झाला. चित्रे हलतात, अंधूक आहेत. पण तराफ्यावर दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे ती अंधूक चित्रे हीच पक्की पावती. आरंभी नौदलाच्या बोटीने तराफा बंदरापासून सुमारे ८० किलोमीटर बाहेर ओढून नेला होता, हे हायरडालने लपवले नाही.

मात्र या साहसातून सिद्ध काय झाले? पॉलिनेशियातील लोक मूळचे दक्षिण अमेरिकेतून आले, असे हायरडालचे म्हणणे होते. प्रवासाने एवढेच दाखवले की तसा प्रवास शक्य आहे. तो पूर्वी घडला होता, हे त्यातून ठरत नाही. भाषा आणि आनुवंशिकता यांच्या अभ्यासातून ते लोक पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले हे स्पष्ट झाले आहे. तथापि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात, इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवासी यांचा संबंध आला होता असे आढळले. हायरडालची बेरीज चुकली, पण त्यातील एक लहान रक्कम खरी निघाली. साहसाला दाद द्यावी आणि निष्कर्षाला पावती मागावी. दोन्ही एकाच वेळी करता येते.

निवेदकाचे शब्द

आपण दोन भाषांत वावरतो, म्हणून निवेदनाबद्दल थोडे लिहितो. मराठीत आपण ज्याला पाणमांजर म्हणतो, त्यालाच कन्नडमध्ये 'नीरुनायि', म्हणजे पाण्यातले कुत्रे, म्हणतात. जनावर एकच; तुंगभद्रेत ते मासेच खाते. एका भाषेला त्यात मांजर दिसले, दुसरीला कुत्रे. माहितीपटातील निवेदनही असेच असते. "आई चिंतेत आहे", "आता तो सूड घेणार", हे निवेदक म्हणतो. जनावर काही म्हणत नाही. आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा पाहिले की चित्र किती सांगते आणि शब्द किती सांगतात, हे चटकन उमगते. हा प्रयोग वाचकांनी जरूर करून पाहावा.

चौकटीबाहेर कोण राहिले?

आपल्या राज्यावरचा 'वाइल्ड कर्नाटक' हा अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांचा माहितीपट जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहांत लागला. इंग्रजी निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे, आणि पुढे आलेल्या कन्नड आवृत्तीत ऋषभ शेट्टी यांचे. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही मिळाले. त्यातील रान पाहून अभिमान वाटतो.

माझा एक वर्गमित्र खानापूर तालुक्यातील, जंगलाला लागून असलेल्या गावचा आहे. भात पोसवले की त्याच्या घरची माणसे पाळीपाळीने माचावर रात्र काढतात, कारण गवे आणि रानडुकरे एका रात्रीत शेत संपवतात. तो मला म्हणाला, "टी.व्ही.वर गवा फार देखणा दिसतो रे. पण तो आमच्या शेतातून तिकडं गेला, हे कुणी दाखवत नाही."

हे वाक्य मला दिवसभराच्या तीनही माहितीपटांपेक्षा जड वाटले. ज्या रानात माणूस दिसत नाही ते रान सुंदर, असे वारंवार पाहिले की रानात राहणारा माणूस हीच अडचण आहे, असे शहरातल्या पाहणाऱ्याला वाटू लागते. आणि रानाविषयीचे निर्णय बहुधा शहरातच होतात. माणसासह रान दाखवता येत नाही असे नाही. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटात मुदुमलैच्या जंगलातील बोम्मन आणि बेल्ली हे दांपत्य हत्तीच्या पिल्लाला वाढवते. त्याला २०२३ साली ऑस्कर मिळाले.

आपल्या जवळचे भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे. तेथील बारापेडे गुहांत एक दुर्मिळ जातीचे वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्राने त्याची नोंद केली आणि त्यानंतर कित्येक दशके ते जगात फक्त याच गुहांत ठाऊक होते. त्याच अभयारण्यात मराठी आणि कन्नड बोलणारी माणसेही आहेत. उद्या कोणी भीमगडवर माहितीपट काढला, तर वटवाघूळही दिसावे आणि माचावर जागणारा शेतकरीही दिसावा.

विद्यार्थी मित्रहो, पुढचा माहितीपट पाहताना पाच प्रश्न कागदावर लिहून जवळ ठेवा. हे चित्रण कोठे व केव्हा झाले? किती दिवसांतून एवढेच क्षण निवडले? यात टिपलेले काय आणि तयार केलेले काय? निवेदक म्हणतो ते चित्रात दिसते का? आणि चौकटीबाहेर कोण राहिले? या प्रश्नांनी आनंद कमी होत नाही. ज्या माहितीपटाची पावती पक्की निघते, तो दुसऱ्यांदा पाहताना जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे.