अंगणात सफरचंद की पेरू?

गेल्या मृगाच्या सुमारास एक बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी पांढरीफटक, जिना चढली तरी धाप लागणारी. हिमोग्लोबिन ८. सहा महिन्यांपूर्वी मीच तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि "फळे देत जा" असे सांगितले होते. गोळ्या महिन्याभरात बंद झाल्या होत्या. फळांचे विचारले तर बाई म्हणाल्या, "सफरचंद लय महाग पडते जी, म्हून झाडच आणून लावलं अंगनात. थंडीत फळ येते म्हने."

फिरत्या रोपवाल्याने त्यांना फसविले हे खरे. पण चूक माझीही होती. नुसते "फळे" म्हटले की आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेले सफरचंदच लोकांच्या डोळ्यांपुढे येते, हे मी लक्षात घ्यायला हवे होते.

सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखाली सुमारे हजार तास थंडी लागते, म्हणजे जवळजवळ चाळीस अहोरात्र. त्याशिवाय फुलाचा डोळा नीट जागा होत नाही. अकोला-अमरावतीला डिसेंबरातली एखादी रात्र बोचरी असते, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावाच लागतो. आपल्या जिल्ह्यातले थंड ठिकाण म्हणजे चिखलदरा, सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे. तेथे कॉफी होते, अलीकडे स्ट्रॉबेरीही होते. पण काश्मीरची थंडी तेथेही नाही. कमी थंडीवर येणाऱ्या हरिमन-९९ सारख्या जाती आता निघाल्या आहेत. हौस म्हणून जरूर लावा, मात्र वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात त्यांना सावली आणि पाणी पुरवायची तयारी ठेवा.

आणि एवढे करून हाती काय लागते? १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम. संत्र्यात ४० ते ५०. पेरूत दोनशेच्या घरात, आवळ्यात त्याहूनही जास्त. रक्त कमी असलेल्या मुलीला हा फरक मोठा आहे. आपण खातो ते लोह बहुतेक पालेभाजी, डाळी आणि भाकरीतून येते व ते शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते बरेच अधिक शोषले जाते. म्हणून मेथीच्या भाजीवर लिंबू ताटात पिळावे, शिजताना नव्हे. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर हीच कमाई वाया जाते. डाळिंब लाल म्हणून रक्त वाढविते हाही एक समजच आहे. त्यात लोह फारसे नसते.

एकाच झाडाची जागा असेल तर मी पेरू सांगेन. लखनौ-४९, म्हणजेच सरदार, ही जात आपल्या हवेत चांगली येते आणि कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळते. दुसरी जागा कागदी लिंबाला द्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लिंबाच्या जाती काढल्या आहेत, रोपांची चौकशी आधी तेथे करावी. आवळा एकटा नीट फळत नाही, त्याला जवळ दुसऱ्या जातीचा आवळा लागतो. तेव्हा शेजाऱ्याशी बोलणे असेल तरच लावा! पपई वर्षाच्या आत फळ देते, पण काळ्या जमिनीत पाणी साचले की बुंधा कुजतो. उंचवटा करून एका जागी दोन-तीन रोपे लावावीत आणि फुले आली की नर झाडे काढावीत. कुंपणाला करवंद. त्याला पाणी थोडेच लागते आणि बकरी आत शिरत नाही.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल घ्यावा, तळाशी शेणखत. उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा किंवा तुरीचे कुटार पसरले तर पाणी निम्म्यात भागते. नळाची ओढ असलेल्या वस्तीत याचे मोल कळते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हिमोग्लोबिन ८ असताना पेरू गोळीची जागा घेत नाही. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही आणखी तीनेक महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि जंताचे औषधही विचारून घ्यावे. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना तपासणीशिवाय मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. या मुलीची ती तपासणी केली, दोष निघाला नाही.

बाईंच्या अंगणात आता पेरूचे कलम लागले आहे. सफरचंद उपटू का, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले. पोरीने रोज पाणी घालून ते जगविले आहे. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत आणि पेरू धरेपर्यंत बाजारातून आठवड्याला किलोभर पेरू आणायचे ठरले आहे. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर.