वाळू चाळणारे हातफावडे

वाळूत पडलेली वस्तू कोठे आहे हे कळणे आणि ती हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत धातुशोधक यंत्र घेऊन समुद्रकिनाऱ्यावर हरवलेली नाणी व अंगठ्या हुडकण्याचा छंद रूढ आहे. यंत्र आवाज करते, म्हणजे ‘येथे धातू आहे’ एवढेच सांगते. पुढचे काम भोके असलेले एक हातफावडे करते. त्याला ‘सँड स्कूप’ म्हणतात. ते विकत मिळते. पण तिकडील अनेक छांदिष्ट ते रिकाम्या डब्यांपासून घरीच करतात. मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्र माझ्याजवळ नाही. तरीही हे साधन मी करून पाहिले. त्यातून जे समजले ते क्रमाने मांडतो.

१) यंत्राचे तत्त्व : यंत्राच्या खालच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून जाणाऱ्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात धातू आला की त्याच्यात लहान लहान भोवरी प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा परिणाम यंत्राला जाणवतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अशाच तत्त्वाचे उपकरण वापरले होते. गोळी मात्र सापडली नाही. प्लॅस्टिकमध्ये असे प्रवाह उत्पन्न होत नाहीत. म्हणून प्लॅस्टिकचे फावडे वाळूसकट यंत्राजवळ नेता येते. आवाज आला तर वस्तू फावड्यात आली. न आला तर ती अजून खड्ड्यातच आहे. पत्र्याच्या डब्याचे फावडे केले तर ते स्वतःच आवाज देते.

२) डब्याची निवड : खाद्यतेलाचा पाच लिटरचा मूठ असलेला कॅन उत्तम. त्याच्या बुडाला त्रिकोणात २ हा आकडा असेल तर प्लॅस्टिक जाड व चिवट समजावे. १ आकड्याची पाण्याची बाटली पातळ असते. ओल्या वाळूच्या भाराने ती वाकते. कॅनचे झाकण घट्ट लावून ठेवावे. मग करवतीच्या पात्याने बूड तिरके कापून काढावे. मुठीच्या विरुद्ध बाजूची भिंत लांब राहिली पाहिजे. कॅन आडवा धरला की तीच भिंत खाली येते आणि जिभेसारखी वाळूत शिरते. कापलेली कड कानशीने घासावी, नाहीतर हात कापतो.

३) भोके : वाळूचा कण फार तर दोन मिलिमीटरचा. इंग्लंडचे पाच पेन्सचे नाणे १८ मिलिमीटरचे. आपले २०११ च्या मालिकेतील पन्नास पैशांचे १९ मिलिमीटरचे. तेव्हा नाण्यांसाठी आठ ते दहा मिलिमीटरची भोके चालतात. कानातली कुडी शोधायची तर पाच-सहा मिलिमीटरच ठेवावी. दोन भोकांत निदान एका भोकाएवढे अंतर असावे आणि पुढची दोन बोटे जागा कोरी ठेवावी, म्हणजे कड फाटत नाही. तापलेल्या सळईने भोके लवकर पडतात, पण धूर नाकात जातो, गिरमिट बरे. कोरडी वाळू भराभर गळते. ओली वाळू मात्र कणांमधील पाण्याच्या पापुद्र्यामुळे चिकटून राहते. तिच्यासाठी फावडे पाण्यात बुडवून हलवावे.

४) आपल्याकडील चाळणारे : हे काम आपल्याला नवे नाही. सोनारांच्या दुकानातील केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हा आपल्याकडचा जुना व्यवसाय. चाळणी आकारावरून निवड करते, झारेकऱ्याचे पाणी वजनावरून करते: माती वाहून जाते, जड सोने मागे राहते. तीर्थाच्या घाटांवर नदीतले पैसे काढणारे दोरीला लोहचुंबक बांधतात. पोलादाचा रुपया त्याला चिकटतो. सोने, चांदी, तांबे चिकटत नाही. म्हणून चुंबक आला तरी चाळणीची गरज संपत नाही.

५) कोठे वापरू नये : मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. भरतीओहोटीची वाळू रोज हलते, तेथे उकरल्याने सहसा इतिहास बिघडत नाही. गावाजवळच्या पांढरीचे तसे नाही. जुन्या वस्तीचे थर तेथे एकावर एक साचलेले असतात. नेवासे, इनामगाव, तेर येथील प्राचीन जीवन अशाच थरांतून अभ्यासकांनी वाचले. उत्खननातही माती चाळतात. पण ती कोणत्या खड्ड्यातली, कोणत्या थरातली, हे आधी लिहून ठेवतात.

आमच्या गावालाही पांढर आहे. धाब्यावर घालायला लोक तिची माती नेतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून मातीत काही सापडले की माणसे मला दाखवायला आणतात. “याचे किती येतील रे?” असे विचारतात. मी विचारतो, “कुठे सापडले? किती खोल?” तोवर माती धाब्यावर जाऊन पडलेली असते. नाणे हातात असते, पण त्याची साक्ष गेलेली असते. मग ते मोडीत जाते.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तू काय, कोठे आणि केव्हा सापडली, हे त्यात लिहावयाचे असते. १९५८ च्या कायद्याने संरक्षित ठिकाणी परवान्याशिवाय खोदता येत नाही. या तरतुदी गावात फारशा कोणाला ठाऊक नसतात. त्या सांगण्याचे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल.

तेव्हा फावडे जरूर करावे, किनाऱ्यावर वापरावे, उकरलेला खड्डा बुजवावा. पांढरीवर मात्र ते नेऊ नये. तेथे काही आपोआप वर आलेले दिसलेच, तर प्रथम जागा लिहून ठेवावी. त्यासाठी कॅन, करवत काही लागत नाही. वहीचे एक पान पुरते.