आकाश सुरेख, चेहरा काळा

प्रश्न : मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताच्या वेळी बहिणीचे फोटो काढले. आकाश छान आलं, चेहरा मात्र काळा. नंतर काढलेले सगळे हललेले. ५० एमएम, एफ १.८ लेन्स आहे. काय चुकतंय?

उत्तर : सूर्य पाठीशी असला की कॅमेरा उजळ आकाशाला भुलतो आणि एक्स्पोजर कमी करतो. स्पॉट मीटरिंग लावून चेहऱ्याचं माप घ्या. आकाश थोडं पांढरं पडलं तर पडू द्या. त्याहून सोपं म्हणजे बहिणीला समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि सूर्य बुडायची वाट बघा. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेचा मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत बारीक चमक उतरते. नेमकं तेव्हाच लोक कॅमेरे बॅगेत का टाकतात, देव जाणे!

फोटो हलले ते शटरमुळे. १/१२५ सेकंदापेक्षा मंद जाऊ नका. अ‍ॅपर्चर एफ २, आयएसओ बेधडक १६०० किंवा ३२००. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सुधारत नाही. ट्रायपॉडही इथे कामाचा नाही, कारण हलतो तो माणूस. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावरच ठेवा. एफ २ ला जवळून काढताना नाक स्पष्ट आणि डोळे धूसर व्हायला वेळ लागत नाही.