पान उघडत नाही! दोष कोठे शोधावा?



आमच्या शाळेजवळच्या ओढ्यावरचा साकव पावसात वाहून गेला. ओढ्याला पाणी चढले की पलीकडच्या वस्तीवरची आमच्या वर्गातील पाच मुले घरीच राहत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय निघावा, म्हणून १ तारखेला कचेरी बंद होण्यापूर्वी ग्रामपंचायतीत निवेदन द्यायचे ठरले. निवेदन आम्ही वहीत लिहिले होते. लेखनाला मदत करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून त्याचे शुद्धलेखन तपासून घ्यावे, असा बेत होता. गुरुजींनी सुट्टीपासून कपाटात पडलेला टॅब चार्ज करून आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. पण पानच उघडेना.

"रेंज नसंल," एकजण म्हणाला. "टॅब बिघडला, सगळं पुसून टाकू," दुसरा म्हणाला. गुरुजी हसले. म्हणाले, "घरच्या नळाला पाणी आलं नाही, तर लगेच टाकीवर चढता का? आधी काय बघता?"

"शेजारच्या नळाला आलंय का ते!" आम्ही ओरडलो.

हाच आजचा धडा आहे.

हे साधन असते कोठे?

ते टॅबच्या पोटात नसते. आपण लिहिलेला मजकूर इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे जातो. त्यांना सर्व्हर म्हणतात. उत्तर तेथे तयार होते आणि परत आपल्याकडे येते. चॅटजीपीटी हे असेच एक साधन असून ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. सर्व्हर म्हणजे टाकी, इंटरनेट म्हणजे पाइप आणि आपला टॅब म्हणजे नळ. दोष या तिन्हींपैकी कोठेही असू शकतो. म्हणून जवळून सुरुवात करून दूर जावे.

कृती १ : त्याच टॅबवर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहिले.
निरीक्षण : तेही उघडले नाही.
अनुमान : दोष केवळ त्या साधनाचा नाही. टाकी भरलेली असू शकते.

कृती २ : तेच पान गुरुजींच्या मोबाइलवर उघडले.
निरीक्षण : लगेच उघडले.
अनुमान : रेंज आहे, डेटा संपलेला नाही, साधनही चालू आहे. म्हणजे दोष टॅबमध्येच आहे.

कृती ३ : पडद्यावरची सूचना घाई न करता पूर्ण वाचली.
निरीक्षण : टॅबचे घड्याळ मागे आहे, असे तीत लिहिले होते. पाहतो तर टॅबवर दोन वर्षांपूर्वीची तारीख! बॅटरी पार उतरल्यामुळे तारीख मागे गेली होती आणि तारीख आपोआप घेण्याचे बटण बंद होते.
अनुमान : चुकीच्या तारखेमुळे पान अडले.

तारखेचा आणि पानाचा काय संबंध? एस.टी.चा पास आठवा. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. संकेतस्थळालाही असेच मुदतीचे प्रमाणपत्र असते. पान उघडण्यापूर्वी ब्राउझर ते तपासतो. टॅबची तारीख मागे असली, तर त्याला वाटते, या पासाची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मग तो वाट अडवतो. अशी सूचना आली असता "तरीही पुढे जा" असे दाबू नये. तारीख नीट करावी. आम्ही ते बटण चालू केले आणि पान उघडले.

तारीख बरोबर असूनही पान उघडले नाही तर?

१. विमान चिन्हाचे बटण चुकून चालू नाही ना, दिवसाचा डेटा संपला नाही ना, हे पाहावे.
२. दुसरी पाने उघडतात पण हेच उघडत नाही, असे असेल तर ब्राउझरच्या खाजगी खिडकीत ते उघडून पाहावे. तेथे उघडले, तर ब्राउझरने साठवलेले जुने तुकडे आड येत असावेत. त्या एकाच संकेतस्थळाची साठवण पुसावी. मात्र खात्याचा पासवर्ड आठवतो ना, हे आधी पाहावे, कारण पुन्हा आत जावे लागते.
३. ब्राउझर फार जुना असेल तर तो अद्ययावत करावा.
४. शाळेच्या किंवा कचेरीच्या वाय-फायवर काही पाने मुद्दाम अडवलेली असतात. दुसऱ्या जोडणीवर पाहावे.
५. कोणाच्याच यंत्रावर उघडत नसेल, तर दोष टाकीकडे किंवा वाटेत आहे. आपण काही पुसू नये, मोडू नये. वाट पाहावी.

असे खरोखर घडते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास जगातील अनेक संकेतस्थळे अडली. त्यांत चॅटजीपीटीही होते. अनेक संकेतस्थळांची ये-जा क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या यंत्रणेतून होते. तेथील एक फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी झाली आणि ती वाचणारा प्रोग्राम बंद पडू लागला. पडद्यावर मात्र "अमुक पत्ता अडवू नका" अशी सूचना येत होती. दोष आपल्याच यंत्रात आहे, असे कोणालाही वाटले असते. म्हणूनच शेजारचा नळ पाहावा!

आता आमची फजिती ऐका. पान उघडल्यावर आम्ही सगळे निवेदन त्यात टाइप केले. पुन्हा गोल फिरू लागले. एकाने धीर सोडून पान ताजे करण्याचे बटण दाबले आणि टाइप केलेले सगळे गेले! साडेचार वाजले होते. पण निवेदन वहीत होते. आमच्यातील सुवाच्य अक्षराच्या मुलीने ते कोऱ्या कागदावर उतरवले, गुरुजींनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, सर्वांनी सह्या केल्या आणि आम्ही पळतच ग्रामपंचायत गाठली. दुसऱ्या दिवशी ते ग्रामसभेत वाचले गेले. साकवाचा विषय इतिवृत्तात आला. साकव अजून व्हायचा आहे, पण अर्ज वेळेत पोचला.

पालकांसाठी : चॅटजीपीटी १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही, आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी लागते. म्हणून आमच्या वर्गात टॅब गुरुजीच हाताळतात. पान उघडत नाही म्हणून अनोळखी माणसाने पाठवलेल्या दुव्यावरून काही उतरवून घेऊ नये आणि कोणालाही ओटीपी सांगू नये.

लक्षात ठेवा : आधी वहीत, मग पडद्यावर.

स्वाध्याय
१. टॅबची तारीख चुकली तर पान का अडते? पासाच्या उदाहरणाने सांगा.
२. तुमच्या मोबाइलवर पान उघडत नाही, शेजारच्या मोबाइलवर उघडते. दोष कोठे असेल?
३. घरच्या मोबाइलची तारीख आपोआप येते का? घरच्या मोठ्या माणसांना विचारून पाहा.

— इयत्ता सातवीचे विद्यार्थी